चिकटवलेली मिशी चालते, मग पाचशे कोटींचा रावण का चालत नाही?

गेल्या दसऱ्याच्या आधी नेरुळला मैदानावर रामलीला बघायला गेलो होतो. बरोबर आई आणि बहिणीचा मुलगा, वय वर्षं तेरा. रावण आला, गडगडाटी हसला आणि त्या हसण्यात त्याची मिशी डावीकडून सुटली. त्यानं पाठ फिरवली, दोन बोटांनी मिशी दाबली, परत वळला आणि हसू जिथं तुटलं होतं तिथून पुढं हसला. मैदानात आधी खसखस पिकली, मग शिट्ट्या, आणि मिनिटभरात पुन्हा सगळं शांत. तो सीतेला धमकावायला लागला तेव्हा आमच्या पुढं बसलेली एक चिमुरडी आजीच्या पदराआड गेली. मिशी अजून जरा वाकडीच होती.

घरी येताना भाच्यानं विचारलं, "मामा, ह्या रावणाला लोक हसले, पण नंतर घाबरले पण. थिएटरमधल्या एवढ्या मोठ्या रावणाला नुसतेच हसत होते. असं का?"

पाम बीच रोडच्या सिग्नलवर मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुराणातल्या, दंतकथेतल्या गोष्टींवर प्रचंड पैसा ओतून केलेले सिनेमे इतक्या वेळा का फसतात? 'दिग्दर्शकाला अक्कल नाही' हे उत्तर सोपं आहे, आणि बहुतेक वेळा चुकीचंही. २०२३ च्या 'आदिपुरुष'चंच बघा. दिग्दर्शक ओम राऊत. त्याआधी त्यांनी 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी' हे चाललेले सिनेमे केलेले. गाण्यांना अजय-अतुल. हनुमानाच्या भूमिकेत देवदत्त नागे, म्हणजे ज्यांना महाराष्ट्रानं टीव्हीवर खंडोबा म्हणून हात जोडले तेच. अनुभव होता, माणसं होती, पैसा तर होताच. तरीही व्हायचं ते झालं. म्हणजे गोम कुठंतरी खोल आहे.

आधी एक साधी गोष्ट. रहस्यपट बघताना आपण पुढं काय होणार यासाठी खुर्चीला खिळून राहतो. रामायणात पुढं काय होणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हरण सोन्याचं नाही, बाण नाभीत लागणार, अग्निपरीक्षा होणार. सिनेमाच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं हत्यार, उत्सुकता, इथं सुरुवातीलाच बोथट. मग लोक येतात कशाला? हा कसा सांगतोय ते ऐकायला. आपल्याकडं कीर्तनाला माणसं याच हिशेबानं बसतात. आख्यान सगळ्यांना पाठ असतं, बुवा आज कुठं थांबतात आणि कुठं रडवतात हे बघायचं असतं.

माडगूळकरांनी 'गीतरामायण' लिहिताना हे किती नेमकं हेरलं होतं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, वर्षभर दर आठवड्याला एक गाणं, एकूण छप्पन्न, संगीत सुधीर फडक्यांचं. कथा सांगतात कुश आणि लव, आणि ऐकतोय कोण? खुद्द राम. ज्याच्यावर ती सगळी गोष्ट बेतली, तोच श्रोता. त्याच्याइतकं कथानक आधीच ठाऊक असलेला दुसरा माणूस शोधून सापडणार नाही, आणि तरी त्याचे डोळे भरून येतात. चित्र नाही, सेट नाही, रेडिओचा एक डबा. आमच्या आजोळी त्या डब्यापुढं उदबत्ती लावायचे.

आता दुसरी अडचण. प्रेक्षक रिकाम्या डोळ्यांनी येत नाही. त्याच्या डोक्यात राम आधीपासून उभा असतो, आणि तो राम बऱ्याच अंशी छापखान्यात तयार झालेला आहे. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथून निघालेल्या रंगीत तसबिरी घराघरांतल्या देव्हाऱ्यांत गेल्या. नंतरच्या कॅलेंडरांनी तेच चेहरे, तीच वस्त्रं, तेच मुकुट गिरवले. त्यावर १९८७ मध्ये रामानंद सागरांची मालिका येऊन बसली. मालिका उंबरगावला चित्रित झाली, अठ्ठ्याहत्तर भाग, आणि रविवारी सकाळी रस्ते ओस. अरुण गोविल यांचं ते मंद स्मित एका अख्ख्या पिढीसाठी रामाचं अधिकृत छायाचित्र झालं. अशा माणसासमोर तुम्ही चामड्याचं चिलखत घातलेला राम किंवा आखूड केसांचा, दाढीवाला रावण उभा केलात, तर तो पहिली दहा मिनिटं गोष्ट ऐकतच नाही. तो मनातल्या तसबिरीशी ताडून बघत बसतो.

म्हणजे काहीच बदलू नये का? असं मुळीच नाही, आणि इथं बरेच लोक घसरतात. 'मुळात असं नाही' अशी आरोळी ठोकणाऱ्यांनी मूळ म्हणजे काय ते एकदा तपासावं. शबरीनं बोरं चाखून, गोड तेवढीच रामाला दिली ही गोष्ट वाल्मीकींच्या रामायणात नाही. तिथली शबरी रानातली फळं गोळा करून ठेवते, उष्टी करत नाही. लक्ष्मणरेषा वाल्मीकींकडं नाही. सेतू बांधताना वाळूचे कण वाहणारी खारूताईसुद्धा लोककथांमधून आली. माझ्या आईला विचाराल तर शबरी हेच रामायणाचं माप. कोणतंही रामायण असो, मालिका, नाटक, सिनेमा, ती शबरीची वाट बघते आणि तिथं निकाल देते. तिची ती शबरी नंतर कुणीतरी घातलेली आहे, हे मी तिला एकदा सांगून बघितलं. "बरं केलं ज्यानं घातलं त्यानं," म्हणाली.

तर बदल लोकांना चालतात. शेकडो सांगणाऱ्यांच्या तोंडून गेलेला बदल चाळून निघतो, जो ऐकणाऱ्याला भिडला नाही तो गळून पडतो. उष्टी बोरं टिकली कारण त्यांनी गोष्टीत माया वाढवली. सिनेमातला बदल मात्र एका खोलीत, एका वर्षात, 'आजच्या पिढीला काय आवडेल' या चर्चेतून येतो आणि थेट साडेतीन हजार पडद्यांवर जातो. चाळणीच नाही. 'आदिपुरुष' १६ जून २०२३ ला लागला, आणि हनुमानाच्या तोंडी घातलेल्या टपोरी थाटाच्या संवादांवरून इतका गदारोळ झाला की सिनेमा चालू असतानाच काही संवाद बदलावे लागले. लोकांनी चाळणी लावली, पण माल विकला गेल्यावर.

भाषेचा मुद्दा इथंच येतो. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'चे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले. 'पिताश्री', 'भ्राताश्री' ही संबोधनं त्या मालिकेनं घराघरांत पोचवली. ती काही व्यासांची भाषा नव्हती, कुणाच्या घरचीही नव्हती. पण कानाला ती 'तिकडची' वाटत होती, आणि ती तशी वाटणं गरजेचं होतं. देवाला आपल्या नाक्यावरची भाषा दिली की तो जवळचा होतो असं लेखकांना वाटतं. होतं उलटंच. तो नाक्यावरचा होतो.

आता मिशीकडं येतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात दोन शब्द आहेत, लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. लोकधर्मी म्हणजे जग जसं दिसतं तसं दाखवणं. नाट्यधर्मी म्हणजे संकेतानं दाखवणं. नटानं रंगमंचावर एक फेरी मारली की तो अयोध्येहून वनात पोचला. दोन माणसांनी धरलेला पडदा म्हणजे दार. हा एक करार असतो. नट म्हणतो, मी खोटं करतो. प्रेक्षक म्हणतो, मी खरं मानतो. कोकणातलं दशावतार बघा. मालवणी महोत्सवाच्या निमित्तानं ठाण्यात आणि नवी मुंबईत त्यांचे प्रयोग होतात. मागं एक पडदा, पुढं एक बाकडं. त्या बाकड्याचं सिंहासन होतं, डोंगर होतो, चिता होते. कुणी उठून 'हे बाकडं आहे' म्हणत नाही, कारण ते बाकडंच आहे हे कुणी लपवलेलंच नसतं.

वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. तिथं शेकडो नाटकं बघणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे, पण ज्यांच्या नावानं ते उभं आहे त्या भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला जे पहिलं नाटक केलं ते 'सीता स्वयंवर'. म्हणजे मराठी रंगभूमीचा जन्मच रामायणाच्या रूपांतरातून झाला. त्या खेळांत सूत्रधार उभा राहून पदं म्हणायचा, पात्रं त्याला धरून आयत्या वेळी बोलायची. गणपती यायचा, मोरावर बसलेली सरस्वती नाचत यायची, विदूषक मध्येच तोंड घालायचा. आणि राक्षस आले की अशी आरडाओरड, अशी उड्यांची धुमाळी, की पुढं अशा नाटकांना लोक 'अललडुर्र' म्हणायला लागले. सगळा मामला नाट्यधर्मी. प्रेक्षकाची निम्मी मेहनत त्यात गृहीत धरलेली.

चिकटवलेली मिशी या करारात बसते. ती सुटली तर करार क्षणभर मोडतो, सगळे हसतात, नट ती परत लावतो, करार पुन्हा सुरू. ती मिशी कधी खरी असल्याचा दावाच करत नव्हती.

पाचशे कोटींचा सिनेमा हा करार नाकारतो. तो म्हणतो, तुम्ही काही मानू नका, मी पुरावा देतो. दहा तोंडं अशी दिसतात, पुष्पक असं उडतं, वानराच्या अंगावरचा केस न केस असा हलतो. दंतकथेला हवी असते प्रेक्षकाची संमती. एकदा पुरावा द्यायला घेतलात की प्रेक्षकही वकिलासारखा उलटतपासणी करणार. सावली चुकीची का? एवढा मोठा प्राणी उतरला आणि धूळ कशी उडाली नाही? माझ्या मते खरी गोम हीच आहे. नाट्यधर्मी गोष्टीला अफाट खर्च करून लोकधर्मी करायला जायचं, आणि मग ती पुरती ना इकडची राहते ना तिकडची.

यात यंत्राची स्वतःची एक खोडी आहे. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी प्राध्यापकांनी १९७० मध्ये यंत्रमानवांबद्दल एक निरीक्षण मांडलं. बाहुली माणसासारखी दिसू लागली की ती आवडायला लागते. आणखी माणसासारखी केली, आणखी आवडते. पण जवळजवळ माणूस झाली, थोडंच कमी राहिलं, की आवड धाडकन कोसळते आणि अंगावर काटा येतो. आलेखात तिथं दरी दिसते. साडीच्या दुकानातला पुतळा आपल्याला काही करत नाही, मेणाचा हुबेहूब माणूस मात्र अस्वस्थ करतो, तो हाच प्रकार. रामलीलेतला हनुमान दरीच्या अलीकडं सुखात असतो. गेरूचं तोंड, कापडाची शेपूट. पडद्यावर नटाच्या हालचाली टिपून त्यावर संगणकानं कातडी चढवलेला वानर बरोबर दरीच्या तोंडाशी येतो. पलीकडं पोचायला वेळ आणि पैसा दोन्ही अमाप लागतात, आणि अर्ध्यात थांबलात तर बाहुलीपेक्षा वाईट.

अर्ध्यात का थांबतात, हे मला आमच्याच मजल्यावरच्या एका मुलानं सांगितलं. तो व्हीएफएक्समध्ये कंपॉझिटिंग करतो, म्हणजे हिरव्या पडद्यासमोरचा नट, संगणकातलं जंगल, धूर, प्रकाश हे सगळं एका चित्रात बेमालूम बसवण्याचं काम. सेकंदाला चोवीस चित्रं. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे एकशेवीस. त्यातल्या प्रत्येकात नटाच्या केसांची कड सोडवून घ्यायची, त्याला ते रोटो म्हणतात, आणि आपल्या देशात शेकडो पोरं रात्रंदिवस तेवढंच करतात. एका मोठ्या सिनेमात असे हजारो शॉट, ते आठ-दहा स्टुडिओंत वाटलेले. एकाच हनुमानावर एका स्टुडिओत संध्याकाळचं ऊन, दुसऱ्यात ट्यूबलाइट. त्यात वरून 'नोट्स' येत राहतात: मुकुट बदला, आकाश लाल करा, आता परत निळं करा. "काका, लोक म्हणतात खराब व्हीएफएक्स," तो म्हणाला, "आम्ही म्हणतो घाईचं व्हीएफएक्स. तारीख ठरलेली असते ना." 'आदिपुरुष'चा टीझर २ ऑक्टोबर २०२२ ला अयोध्येत आला, त्यावर सडकून टीका झाली, आणि जानेवारीतलं प्रदर्शन जूनमध्ये ढकललं गेलं. पाच महिने. हजारो शॉटना पाच महिने म्हणजे गळक्या छपराला ताडपत्री.

तारीख याहून जास्त का हलत नाही? कारण पैसा. हा भाग जरा रुक्ष आहे, पण इथंच बऱ्याच गोष्टी उलगडतात.

समजा तुम्ही वाशीत तीनशे रुपयांचं तिकीट काढलंत. शंभराच्या वरच्या तिकिटावर अठरा टक्के जीएसटी. तो वजा जाता उरले साधारण २५४. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात यातला साधारण निम्मा हिस्सा सिनेमावाल्यांकडं जातो, म्हणजे १२७. दुसऱ्या, तिसऱ्या आठवड्यात त्यांचा वाटा आणखी घसरतो. आता पाचशे कोटी फक्त तिकिटांतून वसूल करायचे म्हटलं, तर अगदी पहिल्या आठवड्याच्या दरानंही जवळपास चार कोटी तिकिटं विकावी लागतील. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबईची लोकसंख्या होती सुमारे ११ लाख २० हजार. म्हणजे दिघ्यापासून बेलापूरपर्यंत प्रत्येकानं, तान्ह्या बाळासकट, पस्तीस वेळा तो सिनेमा बघायचा. प्रत्यक्षात ओटीटी, सॅटेलाइट आणि संगीताचे हक्क आधीच विकून बराच भार हलका करतात. पण हे सौदे आणि थिएटरं ठरलेल्या तारखेभोवती बांधलेली असतात, आणि उचललेल्या पैशावर व्याजाचं मीटर चालू असतं.

शिवाय पहिल्या आठवड्यातला वाटा सगळ्यात मोठा, त्यामुळं सगळा जीव पहिल्या तीन दिवसांत. 'आदिपुरुष'च्या निर्मात्यांनी पहिल्या दिवशी जगभरात १४० कोटींची तिकीटविक्री जाहीर केली होती. सोमवारी आकडा धाडकन खाली आला, लोकांनी लोकांना सांगितलं होतं. जो सिनेमा शुक्रवार ते रविवार तगला की पुरे, त्यात ट्रेलरमध्ये शोभणारे क्षण ठासून भरतात आणि शबरीला दीड मिनिट मिळतं. शबरी ट्रेलरमध्ये काय करणार?

आणि चार कोटी तिकिटं म्हणजे सगळ्यांना खूश करणं आलं. पाच भाषा, उत्तर, दक्षिण, परदेश, पोरं, आजोबा. कुणाची भावना दुखवायची नाही, कोर्टात जायचं नाही. अशा वेळी सांगणाऱ्याकडं स्वतःचं काही सांगायचं असेल तर ते सगळ्यात आधी कापलं जातं. खाडिलकरांचं 'कीचकवध' आठवा. १९०७ चं नाटक, महाभारतातलं एक उपकथानक. प्रेक्षकाला पहिल्या अंकातच कळायचं की हा माजलेला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे देश, थांबा म्हणणारा युधिष्ठिर मवाळ आणि दात ओठ खाणारा भीम जहाल. सरकारलाही कळलं, १९१० मध्ये बंदी आली. तीन हजार वर्षांची जुनी गोष्ट सांगायला त्या माणसाकडं आजचं कारण होतं. ते कारण असलं की बाकी बऱ्याच गोष्टी माफ होतात.

हे दुखणं काही आपल्यापुरतं नाही. हॉलिवूडनं २००४ मध्ये 'ट्रॉय' काढला, होमरच्या इलियडवरून. खर्च सतरा-अठरा कोटी डॉलर, कमाई पन्नास कोटींच्या आसपास, म्हणजे धंदा झाला. पण दंतकथेचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. निर्मात्यांनी ठरवलं, आजच्या प्रेक्षकाला देव पटणार नाहीत, तर देव काढून टाका. आता मूळ गोष्टीत मेनेलेअस आणि पॅरिसचं द्वंद्व होतं, पॅरिस मरायला टेकतो, तेवढ्यात ॲफ्रोडायटी देवी त्याला धुक्यात गुंडाळून उचलून नेते. देवी काढली, मग पॅरिसला वाचवणार कोण? सिनेमात तो सरपटत भावाच्या पायाशी जातो आणि भाऊ हेक्टर मेनेलेअसला ठार करतो. पण मूळ कथेत मेनेलेअस जगतो, आणि युद्ध संपल्यावर बायकोला घेऊन घरी जातो! एक खिळा काढला आणि अख्खं कपाट निखळलं. दहा वर्षांचं युद्ध पडद्यावर काही आठवड्यांत आटोपतं ते वेगळंच. वर, शाप, आकाशवाणी ही दंतकथेतली सजावट वाटते, पण घराच्या तुळया असतात त्या. कैकेयीचे दोन वर काढा आणि रामाला वनात पाठवून दाखवा.

२०१७ चा 'किंग आर्थर' तर सहा सिनेमांच्या मालिकेतला पहिला म्हणून योजला होता. साडेसतरा कोटी डॉलर खर्च, जगभरातून पंधरा कोटीही आले नाहीत. उरलेले पाच कधी निघालेच नाहीत. तिथला आर्थर कुंटणखान्यात वाढलेला, गल्लीतला चलाख पोरगा. असं का केलं? कारण पटकथेच्या शाळेत शिकवतात की नायक बदलला पाहिजे. सुरुवातीला कच्चा, मध्ये ठेचाळणारा, शेवटी पक्का. दंतकथेचा नायक बहुतेकदा असा नसतो. राम पहिल्या पानावर जसा असतो तसाच शेवटच्या पानावर. तो बदलत नाही, त्याच्याभोवतीचं जग त्याच्यावर आपटून बदलतं, भरत, विभीषण, अहल्या. रामाला जबरदस्तीनं 'प्रवास' द्यायला गेलात की तो एकतर सतत चिडलेला दिसतो किंवा निर्विकार. रावणाला मात्र वासना, विद्वत्ता, गर्व, पडणं असं सगळं आयतंच आहे, म्हणून असल्या सिनेमांत रावण मोठा होत जातो आणि राम पोस्टरवरच राहतो.

इतिहास आणि आख्यायिका यांच्या मध्ये लोंबकळणाऱ्यांची गत आणखी वेगळी. २०२२ चा 'सम्राट पृथ्वीराज' चंदबरदाई या कवीच्या 'पृथ्वीराज रासो' या काव्यावर बेतलेला. रासोत आंधळा पृथ्वीराज आवाजाच्या रोखानं बाण मारून त्याला हरवणाऱ्या महंमद घोरीचा जीव घेतो. इतिहास सांगतो तराईनची दुसरी लढाई ११९२ ची, आणि घोरी मेला १२०६ मध्ये, पृथ्वीराजानंतर कितीतरी वर्षांनी. आख्यायिका म्हणून बिनधास्त सांगितलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. इतिहास म्हणून जाहिरात केली की शाळेच्या पुस्तकाशी गाठ.

मग जमतं कुणाला? दादासाहेब फाळक्यांना जमलं होतं. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोघंही एकाच माणसानं केले, अण्णा साळुंके. आधी हॉटेलात काम करणारा गडी. लोकांनी ते मान्य केलं, कारण करार स्पष्ट होता. तेलुगूत १९५७ चा 'मायाबजार' निघाला, त्यातला घटोत्कच ताटंच्या ताटं फस्त करतो. ते कॅमेऱ्याचे खेळ आहेत हे बघणाऱ्याला दिसतं, आणि गंमत त्यातच आहे. त्यांनी अख्खं महाभारत घेतलं नाही, आपण ज्याला वत्सलाहरण म्हणतो तेवढी एक गोष्ट घेतली, जी व्यासांच्या ग्रंथात नाहीच. १९९३ चा जपानी-भारतीय हातानं रेखाटलेला रामायणपट २०२५ मध्ये पुन्हा थिएटरांत लागला. चित्र हे चित्रच असल्यामुळं तो मोरींच्या दरीपासून कोसभर लांब. आणि 'बाहुबली'चं यश पाहून जे पौराणिक सिनेमांकडं धावले, त्यांनी हे बघितलंच नाही की त्यातलं माहिष्मती हे काल्पनिक राज्य कुणाच्या देव्हाऱ्यात नव्हतं. ताडून बघायला तसबीरच नाही.

पण माझ्यासाठी या सगळ्यांच्या वर 'संत तुकाराम'. प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. शेवटी तुकाराम विमानात बसून वैकुंठाला जातो. आजच्या मानानं ते विमान म्हणजे गणपतीतला देखावा. तरीही घशात काहीतरी अडकतंच. का, याचा मी बराच विचार केला आहे. त्याआधीचे दोन तास आपण त्या घरात राहिलेलो असतो. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा भजनात दंग, आणि गौरीची जिजाई म्हैस सांभाळते, पोरांच्या पोटाची काळजी करते, नवऱ्यावर आणि त्याच्या विठोबावर तोंडसुख घेते. घर पटलेलं असतं, म्हणून विमान पटतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे ती विमानात बसत नाही. नवरा वर चाललाय आणि हिचा जीव घरातल्या रगाड्यात. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबवायला किती खर्च आला असेल?

हे सगळं एका रविवारी भाच्याला सांगितलं, अर्थात इतकं लांबवून नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि फोनवर नितेश तिवारींच्या नव्या रामायणाची झलक लावली. दोन भाग, एक २०२६ च्या दिवाळीत आणि दुसरा २०२७ च्या, असं जाहीर झालेलं. खर्चाचे जे आकडे सांगितले जातायत त्यापुढं पाचशे कोटी म्हणजे चिल्लर. "आपण पहिल्या दिवशी जायचं," त्यानं ठरवूनही टाकलं.

आई पलीकडं मटार सोलत बसली होती. मला वाटलं, ती नाही म्हणेल, मागच्या वेळी त्या थ्रीडी चष्म्यानं तिचं डोकं चढलं होतं.

"तिकीट माझं पण काढा," ती म्हणाली. "फक्त चष्म्याचं नको. शबरी कुठल्या भागात आहे ते बघ, आणि त्याचं काढ."